एक तास जास्त, पासष्ट पौंड कमी

लेस्टरहून एका ताईंचं पत्र आलंय. वय ५६, इंग्लंडमध्ये बावीस वर्षं झाली, ब्रिटिश नागरिकत्व आहे. दोन वर्षांपूर्वी यजमानांना पक्षाघाताचा झटका आला आणि ताईंनी शाळेतली नोकरी सोडली. यजमानांना पिपमधला (अपंगत्वासाठीच्या सरकारी भत्त्यातला) डेली लिव्हिंगचा, म्हणजे रोजच्या गरजांचा भाग मिळतो, ताईंना केअरर्स अलाउन्स, म्हणजे घरच्या रुग्णाची काळजी घेणाऱ्याला मिळणारा भत्ता. घराचं कर्ज फिटलंय, बचत ४५,००० पौंड. आता घराजवळच्या औषधांच्या दुकानात काउंटरवर काम मिळतंय, तासाला १२.६० पौंड. मॅनेजरचं म्हणणं, आठवड्याला वीस तास या. मंडळातल्या मैत्रिणी सांगतात, "सोळा घे, सोळापर्यंत बेनिफिटला धक्का लागत नाही." ताई विचारतात, सोळा की वीस?

ताई, दोन्ही नको. पंधरा घ्या.

मैत्रिणींचं चुकतंय कुठे, ते आधी सांगतो, कारण हीच चूक मी वारंवार बघतो. केअरर्स अलाउन्सला तासांची मर्यादा नाहीच, पैशांची आहे. २०२५-२६ या वर्षासाठी ती आठवड्याला १९६ पौंड ठरली; इथलं सगळं गणित त्याच वर्षाचं. हा आकडा ठरवला गेला तो किमान वेतनाच्या सोळा तासांवरून: १२.२१ गुणिले १६ म्हणजे १९५.३६. म्हणून 'सोळा तास' तोंडोतोंडी झालं. पण ते खरं ठरतं फक्त किमान वेतनावर. तुम्हाला तासाला ३९ पेन्स जास्त मिळणार आहेत. सोळा तासांचे होतात २०१.६०. मर्यादेच्या वर गेलात की अलाउन्स थोडाथोडा कमी होत नाही, त्या आठवड्याचे सगळे ८३.३० पौंड जातात.

आता हातात काय पडतं ते पाहू. पंधरा तासांचा पगार १८९ पौंड, त्यात अलाउन्सचे ८३.३० मिळवले की २७२.३०. अलाउन्सवर इन्कम टॅक्स लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. वर्षाची बेरीज १२,५७० च्या करमुक्त मर्यादेपुढे जाते, त्यामुळे साधारण ३१८ पौंड कर बसेल, म्हणजे आठवड्याला सहा. हातात राहिले २६६. सोळा तास केलेत तर हातात २०१.६०. एक तास जास्त उभं राहून पासष्ट पौंड कमी. वीस तासांचे २५२, त्यातून कर आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) गेला की २४९. म्हणजे मॅनेजरचं ऐकलंत तर पाच तास जास्त काम करून आठवड्याला सतरा पौंड गमवाल, वर्षाला जवळजवळ नऊशे. तुम्ही लिहिलंय की वर्षातून एकदा साताऱ्याला आईकडे जाता यावं, एवढ्यासाठी ही नोकरी. ते नऊशे त्या तिकिटाचेच आहेत.

बरोबरीला यायला बावीस तास लागतात. चोवीस तास केलेत तर पंधरापेक्षा एकोणीस पौंड जास्त मिळतील, म्हणजे वरच्या नऊ तासांचा भाव तासाला जेमतेम दोन पौंड. यजमानांना घरी ठेवून एवढ्यासाठी जावं, असं मला मनापासून वाटत नाही. पुढे ते सुधारले आणि तीस-पस्तीस तासांची नोकरी शक्य झाली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा अलाउन्स सोडायला माझीच संमती असेल.

साडेपंधरा तासांचेही १९५.३० होतात, मग पंधराच का, असं विचाराल. कारण पगार महिन्याचा असतो. अलाउन्स देणारं सरकारी खातं महिन्याच्या पगाराला बाराने गुणून बावन्नने भागतं, त्या हिशेबाने तुमची महिन्याची मर्यादा ८४९ पौंड. पंधरा तासांचे महिन्याला ८१९ होतात. तीस पौंडांची जागा राहते. डिसेंबरमध्ये कोणी आजारी पडलं आणि दोन तास जास्त थांबलात तर चालेल. तिसऱ्या तासाला रेषा ओलांडली जाते आणि त्या एका तासाच्या १२.६० पायी महिन्याचा अलाउन्स, सुमारे ३६० पौंड, धोक्यात येतो. माझ्याकडे आलेल्या एका बाईंचं हेच झालं होतं. सणासुदीच्या ओव्हरटाइमला त्या मोठ्या मनाने हो म्हणत गेल्या आणि दीड वर्षाने वसुलीचं पत्र आलं. पत्र हातात धरून त्या मला परत परत सांगत होत्या, "मी लपवलं नव्हतं हो." हजारो केअरर्सवर अशी वेळ आली, त्यावर अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या लिझ सेस यांच्या अध्यक्षतेखाली सरकारला स्वतंत्र चौकशी करावी लागली. पण तुमची पगाराची पावती सांभाळणं तुमच्याच हातात आहे. काम सुरू होताच खात्याला कळवा, आणि दर महिन्याची पावती एका फाइलमध्ये लावा.

मर्यादेत शिरायला दोन वाटा कायद्यानेच ठेवल्यात. तुम्ही पेन्शनमध्ये भराल त्या रकमेचा अर्धा भाग पगारातून वजा धरतात. आणि कामावर असताना यजमानांजवळ कोणाला पैसे देऊन बसवलंत, तर तो खर्चही वजा होतो, पगाराच्या अर्ध्यापर्यंत. मात्र ती व्यक्ती तुमच्या किंवा यजमानांच्या जवळच्या नात्यातली नको. तुमच्या नणंदबाई येतात म्हणून लिहिलंय. त्यांना दिलेले पैसे धरणार नाहीत. शेजारच्या बाईंना आठवड्याला तीस पौंड देऊन बसवलंत, तर सतरा तासही मर्यादेत बसतील. तूर्त नणंदबाई आनंदाने येतायत, तर ही वाट राखून ठेवा.

पेन्शनवरून आठवलं. वर्षाचा पगार १०,००० च्या आत असला की मालक आपणहून पेन्शन योजनेत घालत नाही. पंधरा तासांचे ९,८२८ होतात, म्हणजे तुम्ही बाहेर राहाल. लेखी मागणी करा. ६,२४० च्या वर पगार असल्यामुळे मालकालाही आपला वाटा भरावाच लागतो. स्टेट पेन्शनची काळजी नको: आठवड्याला १२५ च्या वर पगार असला की ते वर्ष तुमच्या खात्यात जमा होतंच. पूर्ण पेन्शनला पस्तीस वर्षं लागतात. तुमची किती भरलीत ते सरकारी संकेतस्थळावर आजच बघा.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी. ताईंची बचत १६,००० च्या वर असल्याने त्यांना युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणारी सरकारी मदत, लागू नाही. ज्यांना ते मिळतं त्यांनी वरचं गणित उचलू नये. तिथे पौंडामागे ५५ पेन्स कापतात आणि अलाउन्स क्रेडिटमधून वजा होतो. आणि ज्यांच्या व्हिसावर 'सरकारी निधीचा आधार नाही' अशी अट आहे, त्यांनी हा अर्ज करूच नये, व्हिसाच अडचणीत येईल.

ताई, दर एप्रिलमध्ये हे सगळं पुन्हा मांडावं लागेल. किमान वेतन वाढतं तशी मर्यादाही वाढते, पण दुकान तुमचा दर किती वाढवतं त्यावर तुमचे तास ठरतील. हे मॅनेजरना आत्ताच सांगून ठेवा: पंधरा तास करारात लिहून, जास्तीचे तास तुमच्या होकाराशिवाय नाहीत. यजमानांची आंघोळ, औषधं, न्याहारी साडेनऊपर्यंत आटोपते असं तुम्ही लिहिलंय, आणि फिजिओ दुपारी दोनला येतात. मग सोमवार ते शुक्रवार, दहा ते एक मागा.