सीताफळ फुटतं, मग ब्रँच कोणती घेऊ?

प्रश्न : मी अंबाजोगाईची, बारावी सायन्सला आहे. विज्ञान प्रदर्शनासाठी सर्व्हो मोटरचा पंजा केला. पिकलेलं सीताफळ त्यात फुटतं, पकड सैल केली की निसटतं. सर म्हणतात, चांगला कॅमेरा लाव. पप्पा म्हणतात, कॉम्प्युटरलाच जा. मला रोबोटिक्स करायचंय. कोणती ब्रँच घेऊ?

उत्तर : कॅमेऱ्यावर पैसे घालू नकोस. फळ कुठे आहे ते तो सांगेल, पण पंजा मिटला की बोटांखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. शिवाय तुझी अडचण वेगळीच आहे. साध्या सर्व्होला आपण कोन सांगतो, जोर नाही. तो कोन गाठायला तो असेल तेवढी ताकद लावतो. मधे सीताफळ आहे की लाकूड, त्याला काय त्याचं!

पाव किलोच्या फळाचं वजन साधारण २.५ न्यूटन. घर्षणांक ०.५ धरला, तर दोन्ही बोटांनी प्रत्येकी २.५ न्यूटन दाबलं की फळ टिकतं. पण पिकल्या, ओलसर सालीचा घर्षणांक आधी कुणाला ठाऊक असतो? म्हणून आपला हात गरजेपेक्षा किंचितच जास्त दाबतो आणि वस्तू सरकू लागली की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड वाढवतो. स्वीडनमध्ये योहान्सन आणि वेस्टलिंग यांनी १९८४ मध्ये हे मोजून दाखवलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जेलसाइट या स्पर्श ओळखणाऱ्या सेन्सरमध्ये मात्र कॅमेराच आहे, पण बोटाच्या आत. वरचं मऊ जेल कसं दबतं ते तो पाहतो.

तू वजनकाट्यातला छोटा लोड सेल, म्हणजे दाब मोजणारा सेन्सर, पंज्याच्या बोटाला बसव, ठरलेला दाब आला की सर्व्हो थांबव. त्याच्या नोंदी वाचणारं एचएक्स७११ मॉड्यूल सेकंदाला १० नोंदींवर ठेवलंस तर घसरण कळेपर्यंत फळ खाली; ८० वर ने.

ब्रँच इन्स्ट्रुमेंटेशन. सेन्सर, सिग्नल, कंट्रोल हाच तुझा प्रश्न आहे. नांदेडच्या एसजीजीएस इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये ती आहे, सीईटीतून प्रवेश मिळतो. नुसती ‘रोबोटिक्स’ची पाटी बघून भरमसाट फी भरू नका. पप्पांचंही अगदीच चूक नाही, कोडिंग तुला लागणारच. नोकरीचं खरं सांगते : संभाजीनगरजवळच्या वाळूज-शेंद्र्यात ऑटोमेशनची कामं आहेत, पण रोबोटच्या स्पर्शाचं काम जास्त करून संशोधनात चालतं. त्यासाठी पुढे एम.टेक. लागेल, म्हणून त्याच्या प्रवेशपरीक्षेची, गेटची, तयारी तिसऱ्या वर्षापासून धर. प्रवेशाच्या कॅप राउंडला इन्स्ट्रुमेंटेशन पहिलं, इलेक्ट्रॉनिक्स दुसरं टाक.