दिल्लीचं धुकं आणि दोन वेगळी तिकिटं

प्रश्न : जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं मुलीकडे देहरादूनला चाललोय. पुणे–दिल्ली पहाटेचं विमान, तिथून अडीच तासांनी देहरादूनचं, कंपनी वेगळी आणि तिकिटंही वेगळी, कारण तशी स्वस्त पडली. मागच्या वर्षी याच रूटवर पुण्यात चार तास बसवून ठेवलं, 'विमान मागून येतंय' एवढंच सांगत राहिले, पाण्याच्या बाटलीशिवाय काही दिलं नाही. परत तसं झालं तर आमचा हक्क काय?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आधी मागच्या वर्षीचं बोलू, कारण ते वाचून खरंच राग आला. डीजीसीएचा (विमान कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा) नियम असाय की अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल (पुणे–दिल्ली त्यातच बसतं) आणि तुम्ही वेळेत चेक-इन केलेलं असताना विमान दोन तासांच्या वर लेट होणार असेल तर खाणंपिणं कंपनीनं द्यायचं, फुकट. ते तुम्हाला मिळायलाच हवं होतं. सहा तासांच्या वर गेलं तर दुसरं विमान किंवा पूर्ण रिफंड, निवड तुमची. रोख भरपाई मात्र नुसत्या उशिरासाठी नाहीच, ती आयत्या वेळी विमान रद्द केलं किंवा तिकीट असून चढू दिलं नाही तर, आणि माझ्या मते हा नियम प्रवाशाच्या बाजूचा नाही.

आता धुकं. हवामान कंपनीच्या हातात नसतं म्हणून त्यात भरपाईतून सूट मिळते, त्यामुळे उशिराचं नेमकं कारण काय ते मेसेज किंवा ईमेलवर लेखी मागाच, 'मागून येतंय' हे कारण नाही झालं, ते मागचं विमान कशामुळे अडकलं ते सांगा म्हणावं. जानेवारी 2024 मध्ये गोवा–दिल्ली विमान धुक्यामुळे मुंबईला वळवलं आणि लोक विमानाशेजारी जमिनीवर बसून जेवले ते आठवत असेल, त्यानंतर डीजीसीएनं धुक्यात तीन तासांवर लेट होणारी विमानं आधीच रद्द करायची मुभा कंपन्यांना दिली. म्हणजे नुसतं लेट नाही, रद्दही होऊ शकतं. तेव्हा दुसरं विमान किंवा रिफंड मिळतो, भरपाई नाही.

पण मला खरी काळजी तुमच्या दोन तिकिटांची वाटते. पहिल्या कंपनीची जबाबदारी दिल्लीला संपते, पहिलं लेट होऊन पुढचं चुकलं तर दुसरी तुम्हाला सरळ 'नो-शो', म्हणजे आलेच नाही, असं धरणार, मग हातात फक्त टॅक्स आणि एअरपोर्टच्या फीचे पैसे परत, तेही मागितले तर. दोन्ही विमानं एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगमध्ये, असती तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीचीच राहिली असती. एरवी मी सगळ्यांना दिवसातलं पहिलं विमान घ्या सांगते कारण तेच विमान दिवसभर फिरतं आणि उशीर साचत जातो, पण जानेवारीत दिल्लीला सकाळीच धुकं सगळ्यात दाट असतं, तिथं दुपारी उतरणारं बरं. जमलं तर देहरादूनचं तिकीट रद्द करून दुपारी दिल्ली गाठा आणि आनंद विहारहून संध्याकाळची वंदे भारत धरा, किंवा एक रात्र दिल्लीत राहा.

बोर्डिंग पास, मेसेज, एअरपोर्टवरच्या वेळांच्या बोर्डाचा फोटो जपून ठेवा. तक्रार आधी कंपनीकडे, मग एअरसेवा या सरकारी पोर्टलवर, ग्राहक हेल्पलाइन 1915 पण आहे. मागच्या वर्षीचे कागद असतील तर त्याचीही करा.