आईची केमो चालू आहे, कॅराव्हॅनने कोकण किनारा फिरवता येईल का?

हो येईल, पण डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि तारखा केमोच्या हिशोबाने धरा. तीन आठवड्यांची सायकल असेल, म्हणजे दर तीन आठवड्यांनी डोस, तर डोसनंतर साधारण 7 ते 14 व्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खूप उतरतात आणि इन्फेक्शनचा धोका वाढतो, म्हणून पुढच्या डोसच्या आधीचा आठवडा बरा, निघायच्या आधी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करून घ्या. थर्मामीटर हाताशीच ठेवा, ताप 100.4 फॅरेनहाइट झाला की क्रोसिन देऊन वाट बघत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजले असले तरी. म्हणून मुक्काम ठरवताना आधी हॉस्पिटल बघा मग बीच, चिपळूणकडे डेरवणला वालावलकर हॉस्पिटल आहे, गोव्यात बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेज.

कॅराव्हॅनचा खरा फायदा म्हणजे स्वतःचं टॉयलेट आणि ताजं गरम जेवण, मळमळलं की गाडी बाजूला घेऊन आईंना आडवं होता येतं. केमो सलाइनमधून असो की गोळ्यांची, डोसनंतर काही दिवस औषध लघवीतूनही बाहेर पडतं, टॉयलेटची टाकी रिकामी करताना हातमोजे घालाच. मासे, तिसऱ्या (शिंपल्या) नीट शिजलेल्याच, बर्फाचा गोळा वगैरे नको. काही औषधांनी ऊन फार बाधतं, त्यामुळे वाळूत सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळीच. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाड्या चढतात, कॅराव्हॅन मोठी असेल तर आधी विचारून घ्या, वळसा बराच वाचतो आणि आईंना खाडीचा वारा मिळेल.