ब्रेक डान्समधला आणि ब्रेकबीटमधला 'ब्रेक' एकच का? तो शोधणारे डीजे पुढे श्रीमंत झाले का? आणि ऐकायला सुरुवात कुठून करू?

हो, एकच. उत्तराचा सोपा भाग इथेच संपला.

आमच्या वाड्यात लहानपणी पक्का समज होता की नाचताना हाडं मोडल्यासारखी दिसतात म्हणून त्याला ब्रेक डान्स म्हणतात. एका काकूंनी तर आईला सांगून माझा सराव बंद पाडला होता. खरं कारण कॉलेजात गेल्यावर कळलं. साठ-सत्तरच्या दशकातल्या अमेरिकन फंक गाण्यात मध्येच एक जागा येते. गाणारा थांबतो, गिटार थांबते, ब्रास थांबतं आणि ड्रम वाजवणारा चार-आठ आवर्तनं एकटा सुटतो. तो ब्रेक, आणि तोच ताल पुन्हा पुन्हा वाजवत ठेवला की ब्रेकबीट. आपल्याकडे तमाशात बाई गायची थांबते, पेटी गप्प होते आणि ढोलकी-हलगीवाले एकमेकांकडे बघून हसतात, तेव्हा पब्लिक कसं सावरून बसतं? अगदी तशीच जागा. फक्त आपल्याकडे ती हवी तेवढी लांबवता येते, कारण वाजवणारा समोर असतो. रेकॉर्डवर मात्र ती पाच-दहा सेकंदांत संपते. त्या सेकंदांची वाट बघत बसणारी आणि ती आली की मैदानात उडी घेणारी पोरं म्हणजे बी-बॉय, ब्रेक-बॉय.

आता श्रीमंतीचं. हे उत्तर मी थोडं एकांगी देणार आहे. मी पुण्यात ढोल-ताशा पथकात दहा वर्षं ताशा वाजवला. त्यामुळे डीजेंच्या गोष्टी वाचताना माझं लक्ष सारखं रेकॉर्ड फिरवणाऱ्यावरून सरकून रेकॉर्डवर वाजवणाऱ्याकडे जातं.

हिप-हॉपच्या, म्हणजे ब्रेकवरच्या या नाच-गाण्याच्या आणि रॅपच्या, गोष्टीची सुरुवात नेहमी एकाच पत्त्यावरून होते: १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू, ब्रॉंक्स, न्यूयॉर्क. तारीख ११ ऑगस्ट १९७३. सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते आणि पैसे नव्हते. तिने इमारतीतला सामायिक हॉल भाड्याने घेतला, हाताने आमंत्रणं लिहिली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट लावलं, आणि गाणी वाजवायला भावाला उभं केलं. भाऊ क्लाइव्ह, वय १८. अंगापिंडाने आडदांड, म्हणून मित्र हर्क्युलीस म्हणायचे. त्याचं झालं कूल हर्क. हे कुटुंब जमैकातल्या किंग्स्टनचं. क्लाइव्ह १२ वर्षांचा असताना, १९६७ मध्ये, ब्रॉंक्सला आला. किंग्स्टनमध्ये त्याने साउंड सिस्टिम पाहिल्या होत्या: चौकात माणसापेक्षा उंच स्पीकर रचायचे आणि शेजारच्या मोहल्ल्याचा आवाज दाबून टाकायचा. वाचताना हसू आलं ना? आपल्याकडे 'डीजे' म्हटलं की माणूस डोळ्यांसमोर येतच नाही, गणपतीच्या मिरवणुकीतली ट्रॉलीवरची भिंत येते. हर्कच्या भिंतीलाही नाव होतं, हर्क्युलॉर्ड्स.

हर्कचं खरं डोकं निरीक्षणात होतं. ब्रेक आला की पोरं पेटतात आणि ब्रेक गेला की पुन्हा भिंतीला टेकतात, हे त्याने हेरलं. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा ब्रेक संपत आला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिलीची सुई मागे न्यायची. दहा सेकंदांचा ब्रेक पाच-दहा मिनिटं चालायला लागला. याला तो मेरी-गो-राउंड म्हणायचा, आपल्या जत्रेतला गोल पाळणा. सुई अंदाजानेच पडायची, जोड ऐकू यायचा, पण नाचणाऱ्यांची तक्रार नव्हती.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. कोणतं गाणं आहे हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून हर्क रेकॉर्डवरचं लेबल बाथटबमध्ये भिजवून काढून टाकायचा. नाव लपव, तुझं नाव त्यातूनच होईल, ही वडिलांची शिकवण. जमैकातले साउंड सिस्टिमवाले हेच करत. धंदा म्हणून चोख आहे. आमच्या पथकांतही नवा ताल शेवटच्या आठवड्यापर्यंत बंद दाराआड बसवतात. पण त्या लेबलवर बँडचं नावही असायचं. टबातल्या पाण्यात तेही गेलं. पुढची पन्नास वर्षं काय घडलं याची चुणूक मला त्या टबात दिसते.

हर्कच्या मागून दोघे आले. जोसेफ सॅडलर ऊर्फ ग्रँडमास्टर फ्लॅश, जन्म बार्बाडोसचा, शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला. त्याला हर्कचा अंदाजपंचे कारभार खटकायचा. त्याने रेकॉर्डवर मेणाच्या खडूने खुणा केल्या, घड्याळाच्या काट्यासारख्या, म्हणजे ब्रेकच्या तोंडाशी जायला किती फेरे मागे फिरवायचे ते डोळ्यांनाच दिसावं. लोकांना ऐकू येण्याआधी हेडफोनवर पुढची रेकॉर्ड ऐकता यावी म्हणून स्विच जोडला. रेकॉर्डखाली फेल्टची चकती घातली, म्हणजे खालचं ताट फिरत राहतं आणि वरची रेकॉर्ड बोटाने थांबवता येते. हे सगळं पहिल्यांदा लोकांसमोर केलं तेव्हा कोणी नाचलंच नाही, सगळे बघत उभे राहिले. घरी जाऊन रडलो, असं त्याने स्वतः सांगितलंय.

दुसरा थिओडोर, फ्लॅशच्या जोडीदाराचा धाकटा भाऊ. घरी मोठ्याने गाणी लावून बसला होता, आई दारात येऊन ओरडायला लागली, म्हणून त्याने रेकॉर्ड हाताने धरली आणि नकळत मागे-पुढे करत राहिला. तो खरखराट म्हणजे स्क्रॅच. वय बारा-तेरा. जगातली कितीतरी वाद्यं आईच्या ओरड्यातून सुटण्यासाठी जन्मली असतील, पण नोंद फक्त याची आहे.

श्रीमंत? हर्क १९७७ मध्ये एका क्लबात भांडण सोडवायला मध्ये पडला आणि त्यालाच चाकू लागला. त्यानंतर तो मागे मागेच जात राहिला. १९७९ मध्ये रॅपच्या रेकॉर्डी विकल्या जाऊ लागल्या, त्यात तो कुठेच नव्हता. २०११ मध्ये तो आजारी पडला तेव्हा आरोग्य विमा नव्हता, लोकांकडे मदत मागावी लागली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने त्याची दखल घेतली ती २०२३ मध्ये. फ्लॅशचं बरं झालं. त्याचा गट २००७ मध्येच तिथे पोचला, हिप-हॉपमधला पहिलाच. पण त्याच्या नावावरची सगळ्यात गाजलेली रेकॉर्ड, १९८२ ची 'द मेसेज', तिच्या घडणीत त्याचा हात जवळपास नाहीच. कव्हरवर डीजेचं नाव आणि आत डीजे नाही. रॅप विकायला लागल्यावर डीजेचंही लेबल भिजलं म्हणायचं.

आता ज्यांच्यासाठी एवढं लिहायला बसलो ते लोक.

क्लाइड स्टबलफील्ड. अमेरिकन फंक गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटीत 'फंकी ड्रमर' ध्वनिमुद्रित झालं. त्यात जेम्स ब्राउन बाकीच्यांना थांबायला लावतो आणि ड्रमरला सांगतो, सोलो वगैरे करू नकोस, जे चाललंय तेच धर. गाण्याचं नावच ड्रमरवरून, पण लेखक म्हणून नाव जेम्स ब्राउनचं. स्टबलफील्डची खासियत मुख्य ठोक्यांमध्ये नाही, मधल्या फटींमध्ये आहे. स्नेअरवर, म्हणजे ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, ऐकू येतील न येतील असे हलके ठोके तो पेरत जातो. ताशावाल्याला हे लगेच कळतं: तर्री, म्हणजे ताशावरची ठोक्यांची अखंड सर, जोरात वाजवणं सोपं, ती हळू आवाजात तुटू न देता धरणं अवघड. सॅम्पलर, म्हणजे जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापून नव्या गाण्यात वाजवणारं यंत्र, आल्यावर हे काही सेकंद हजारो गाण्यांत शिरले. स्टबलफील्डला त्यातून रॉयल्टी मिळाली नाही, कारण कायद्याने हक्क गीतकाराचा आणि रेकॉर्डिंगच्या मालकाचा. वादकाला त्या दिवसाची मजुरी मिळाली की हिशेब पुरा. १९९१ च्या शेवटी अमेरिकेत न्यायालयाने परवानगीशिवाय सॅम्पल वापरणं महागात पाडलं, त्याचाही फायदा मालकांनाच झाला. तो मॅडिसन शहरात राहून छोट्या ठिकाणी वाजवत राहिला. २००० मध्ये कर्करोग झाला तेव्हा दवाखान्याचं सुमारे ९० हजार डॉलरचं बिल पॉपस्टार प्रिन्सने गुपचूप भरलं, हे प्रिन्सच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. स्टबलफील्ड २०१७ मध्ये गेला.

आणि ग्रेगरी कोलमन. द विन्स्टन्स नावाचा बँड, १९६९. एका बाजूला त्यांचं गाजलेलं 'कलर हिम फादर', त्याला ग्रॅमी मिळालं. रेकॉर्डची दुसरी बाजू भरायची म्हणून 'आमेन, ब्रदर' ही गाण्याविना धून. त्यात मध्ये कोलमन चार आवर्तनं एकटा वाजवतो, साधारण सात सेकंद. पहिली दोन सारखी. तिसऱ्यात शेवटचा स्नेअर किंचित उशिरा येतो. चौथ्यात समेवर काहीच नाही. सम रिकामी सोडून तो पुढे उडी मारतो आणि झांज अपेक्षेआधी फोडतो. हे एवढंच.

१९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या लेनी रॉबर्ट्स आणि ब्रेकबीट लू या दोघांनी 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' ही मालिका काढायला सुरुवात केली. टबात धुतलेली गाणी पुन्हा नावासकट, २५ भागांत. 'आमेन, ब्रदर' त्यात आलं, ज्याला हवं त्याच्या हातात पडलं, आणि दोन वर्षांत एनडब्ल्यूए या अमेरिकन रॅप गटाच्या 'स्ट्रेट आउटा कॉम्प्टन'मध्ये वाजू लागलं. नव्वदीच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी ते उचललं, वेग मिनिटाला १६० च्या पुढे नेला, ठोका न् ठोका सुटा करून उलटसुलट जोडला. तेच 'जंगल' नावाचं संगीत, आणि पुढे ड्रम अँड बेस. म्हणजे एक अख्खा संगीतप्रकार एका माणसाच्या सात सेकंदांवर उभा आहे.

बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सर याला हे १९९६ पर्यंत माहीतच नव्हतं. कळलं तोवर दावा करायची मुदत टळलेली. २०१५ मध्ये एका ब्रिटिश डीजेने लोकवर्गणी काढली आणि २४ हजार पौंड स्पेन्सरला दिले. कोलमन त्याआधीच, २००६ मध्ये, अटलांटात गेला होता. स्पेन्सरच्या सांगण्यानुसार बेघर अवस्थेत. आपले सात सेकंद जगभर वाजतायत हे त्याला कधी कळलं होतं की नाही, याचा विचार मी अजूनही करतो.

लंडनबद्दल थोडंच सांगतो, नाहीतर हे उत्तर संपणार नाही. तिथली माझी आवडती माणसं म्हणजे केमिस्ट्री आणि स्टॉर्म ही दोन मैत्रिणींची डीजे जोडी. गोल्डी हे नाव तुम्ही ऐकलं असेल: अनाथालयांत आणि पालक कुटुंबांत वाढलेला, सोन्याच्या दातांचा, १९९५ च्या 'टाइमलेस'चा कर्ता. त्याला या संगीताच्या रात्रीत नेलं ते केमिस्ट्रीने, आणि मेटलहेड्झ ही रेकॉर्ड कंपनी तिघांनी मिळून उभी केली. १९९९ च्या एप्रिलमध्ये कार्यक्रम करून परतताना पुढच्या गाडीच्या चाकाखालून रस्त्यातला चकाकणारा लोखंडी खुंट उखडला आणि काच फोडून आत आला. केमिस्ट्री जागीच गेली. वय ३५. गोष्ट सांगताना लोक गोल्डीपाशी थांबतात.

मेटलहेड्झच्या रविवारच्या रात्री हॉक्स्टनमधल्या ब्लू नोट क्लबात व्हायच्या, आणि त्याच जागेत सोमवारी तलविन सिंग 'अनोखा' भरवायचा. ब्रेकबीटवर तबला. मला ब्रेकबीटची पहिली ओळख तिथूनच झाली, हॉस्टेलवर एका मित्राच्या घासलेल्या सीडीवरून. तबला ओळखीचा वाटला म्हणून ऐकत राहिलो आणि मग लक्षात आलं की खालचा ड्रम जास्त भारी आहे.

ऐकायला कुठून सुरुवात करू, असंही तुम्ही विचारलंय. तासभराचे मिक्स आधी नकोत. 'आमेन, ब्रदर' लावा आणि १ मिनिट २६ सेकंदांवर जा. टाळी देत चार आवर्तनं मोजा. चौथ्या समेला तुमची टाळी एकटीच वाजेल.