शंकासमाधान : ‘आय-७’ म्हटलं की झालं?

प्रश्न : लग्नं आणि हिवाळ्यात झाडीपट्टीची नाटकं दोन कॅमेऱ्यांवर घेतो. एडिटिंग प्रीमियर प्रोवर. वडशातला एक दुकानदार ‘आय-७, ८ जीबी’ घ्या म्हणतो, दुसरा ‘आय-५, १६ जीबी’. भाव जवळपास सारखाच. कोणता घेऊ?
— वाचक, देसाईगंज तालुका

उत्तर : बहुधा दुसरा. पण आधी दोन्हींचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या. आय-५, आय-७ ही इंटेलच्या प्रोसेसर चिपची नावं, आणि जीबीचा आकडा मेमरीचा (रॅमचा). नुसत्या ‘आय-७’वरून काही कळत नाही, मॉडेलचं शेवटचं अक्षर पाहायचं. ‘यू’ म्हणजे १५ वॅटची, बॅटरी पुरवून वापरणारी चिप. ‘एच’ म्हणजे ४५ वॅटची. आय-७ १३५५यूमध्ये दमदार कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) दोनच, बाकी आठ छोटे. आय-५ १३४२०एचमध्ये दमदार चार, छोटे चार. दोन मिनिटांच्या रीलला फरक जाणवणार नाही, कारण यू चिपही सुरुवातीला जोर लावते. रात्रभराचं नाटक एक्स्पोर्टला, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढायला, लावलं की ती मंदावते. दुकानदार चाचणी दाखवतो ती नेमकी रीलचीच!

८ जीबीत विंडोज आणि प्रीमियर उघडले की मेमरी संपत येते. मग उरलेलं काम एसएसडीवर (फाइली साठवायच्या डिस्कवर) ढकललं जातं आणि टाइमलाइन अडखळते. १६ जीबी हवीच, तीही ८-८च्या दोन पट्ट्यांत. एकच पट्टी असेल तर मेमरीची रुंदी निम्मी होते, आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर चित्राचं कामही त्याच मेमरीतून चालतं. दुकानातच कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा. ‘स्लॉट्स यूज्ड’ १ ऑफ २ असेल तर दुसरी पट्टी नंतर टाकता येईल. ‘फॉर्म फॅक्टर’समोर ‘रो ऑफ चिप्स’ दिसलं तर मेमरी बोर्डलाच डकवलेली आहे. सुटा स्लॉट नसेल तर पुढे वाढायची नाही. पट्टी घेताना डीडीआर-४ की ५ ते पाहा, एकाची दुसऱ्यात बसत नाही.

कॅमेरा एच.२६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत ४:२:२, १०-बिट (रंगाचा जास्त तपशील ठेवणारं) चित्रण करत असेल तर इंटेलच घ्या. अकराव्या पिढीपासून त्यांच्या ग्राफिक्समध्ये ते उलगडायची सोय आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेपर्यंतच्या ग्राफिक्स कार्डांत नाही.

एसएसडीचा हिशेब वेगळा. कॅमेरा ५० एमबीपीएसने (सेकंदाला ५० मेगाबिट) चित्रण करत असेल तर तासाला २२.५ जीबी. दोन कॅमेरे, पाच तास : २२५ जीबी. ५१२ जीबीत दोन नाटकंही धड मावणार नाहीत. १ टीबी घ्या, नाहीतर आणखी एक एसएसडी बसवायला एम.२चा दुसरा स्लॉट आहे का विचारा.

प्रश्न : मे महिन्यात एक्स्पोर्टला दुप्पट वेळ लागतो. लॅपटॉप बिघडला का?
— वाचक, वणी

उत्तर : बहुतेक नाही. चिप १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःच वेग कमी करते. खोलीच ४०च्या वर असेल तर पंखा गरम हवाच ओढणार. त्यात जिनिंगजवळ राहत असाल तर कापसाची कुसं पंख्याच्या जाळीत नमद्यासारखी बसतात. वर्षातून एकदा मागचं झाकण उघडून साफ करून घ्या. मागची कड बोटभर उचलून ठेवा, एक्स्पोर्ट पहाटे लावा. वाळ्याच्या कूलरसमोर मात्र ठेवू नका, ओल आत जाते. चार्जर मूळ वॅटचाच हवा. लाइन गेली की लॅपटॉप बॅटरीवर मंदावतो. म्हणून नाटक असेल तर अंकागणिक वेगळं एक्स्पोर्ट करा, अडलंच तर एकच अंक पुन्हा करावा लागेल.

प्रश्न : मोबाइलवरच्या चित्रणात तासाभरानं आवाज मागेपुढे होतो.
— वाचक, आर्णी

उत्तर : मोबाइल फ्रेमचा वेग बदलता ठेवतो. एडिटिंगआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (एकसारखा वेग) निवडून फाइल नव्यानं काढा.