घोड्याच्या तोबऱ्यात लाखोळी नको

प्रश्न : डॉक्टरसाहेब, नमस्कार. माझा घोडा सात वर्षांचा आहे, वरातीला जातो. धान निघाल्यापासून ठाणावरच उभा होता. हरभरा परवडेना म्हणून डिसेंबरपासून चंदीत, म्हणजे रोजच्या दाण्यात, लाखोळीचा (लाखेच्या डाळीचा) भरडा देतो आहे. आता माघात वराती लागल्या, तर थोडा पळवला की श्वास ओढताना शिट्टीसारखा आवाज येतो. उभा केला की आवाज बंद. गावात सर्दी म्हणतात, काढा सांगतात. काय करू?
— एक वाचक, ता. लाखांदूर, जि. भंडारा

उत्तर : भाऊ, पत्र वाचून होताच लाखोळीचं पोतं घोड्यापासून दूर हलवा. दाणा-चारा आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा, असं मी या सदरात नेहमी सांगतो. लाखोळीला तो नियम नाही, ती आजच बंद करायची.

सर्दीत नाक वाहतं, ताप येतो, कधी जबड्याखाली गाठ येते. तुम्ही यातलं काहीच लिहिलेलं नाही. उभा असताना शांत आणि पळाला की श्वास आत घेतानाच आवाज, हे लक्षण घशाचं आहे. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं द्रव्य असतं, ते नसांवर घाला घालतं. घोड्याचं स्वरयंत्र उघडं ठेवणारी नस फार लांब असते. डावीकडची तर छातीत उतरून परत गळ्याकडे चढते. ती कमजोर झाली की स्वरयंत्राची कड लुळी पडते, श्वासाची वाट अरुंद होते आणि हवा तिथून घुसताना वाजते. म्हणून काढ्याने काही होणार नाही.

‘पण आमचे बैल लाखोळीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) खातात, आम्हीही वडे करून खातो,’ असं धानपट्ट्यात मला नेहमी ऐकवतात. बैल रवंथ करणारं जनावर. त्याच्या मोठ्या पोटातले जंतू हे विष बरंचसं मोडून टाकतात. घोड्याला तशी सोय नाही आणि या विषाला तो फार नाजूक आहे. कुटारातही दाणे राहतातच, तेव्हा तेही नको. रतन, प्रतीक अशा कमी विषाच्या जाती आल्या आहेत, पण घोड्याला मी त्याही देऊ देणार नाही. नवी लाखोळी आता फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येईल आणि स्वस्त मिळेल, म्हणून आत्ताच बजावतो.

हे विष नसांवर जातं, म्हणून आता मागचे पायही तपासा. सपाट जागेवर घोडा सावकाश चालवा आणि मागून बघा. खुराची पुढची कड जमिनीला घासते का? मग दोन्ही बाजूंना लहान गोलात वळवा. मागचा पाय नीट आडवा पडतो, की अडखळून दुसऱ्या पायावर येतो? एका बाजूला जरी तसं झालं, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

वराती पूर्ण बंद ठेवा. लाखोळी थांबवल्यावरही काही दिवस त्रास वाढू शकतो. बँड-फटाक्यात घोडा बिथरला, जोराने श्वास घेऊ लागला आणि वाट पुरती अडली, तर तो जागेवर गुदमरेल. अशा वेळी डॉक्टरांना गळ्याखाली श्वासनलिकेला छेद द्यावा लागतो, आणि भर वरातीत तेवढा वेळ मिळत नाही. नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. नाकातून दुर्बीण घालून घसा बघितल्याशिवाय किती सुधारेल ते कोणी सांगू नये. काही घोडे महिन्या-दोन महिन्यांत बरेच सुधारतात, काहींचा आवाज कायम राहतो.

चंदीसाठी भिजवलेला हरभरा थोडा, त्यात जव आणि गव्हाचा कोंडा. आधी वजन काढा. पुढच्या पायांमागे छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणून 11,880 ने भागा. घेर 150 आणि लांबी 145 असेल तर वजन साधारण 275 किलो. अशा काम बंद असलेल्या घोड्याला रोज साडेपाच किलोच्या आसपास सुका चारा आणि फार तर किलोभर दाणा, तोही तीन वेळा वाटून. नुसत्या धानाच्या तणशीवर ठेवू नका. तीत कस नाही आणि ती आतड्यात अडकते. ज्वारीचा कडबा किंवा वाळलेलं रानगवत मिळवा. कडबा नीट वाळलेला हवा. हिरवी ज्वारी घोड्याच्या मूत्राशयाला आणि मणक्याला बाधते.

प्रश्न : सारंगखेड्याच्या बाजारातून दत्तजयंतीला घोडी आणली, तीन वर्षांची म्हणून. बाबांना उन्हाळ्याच्या लग्नांत उतरवायची आहे. मी रोज फिरवते. हल्ली ती अचानक कान पाडते, शेपूट झटकते, ऐकत नाही.
— एक वाचक, ता. चिखली, जि. बुलडाणा

उत्तर : ताई, आधी तोंड उघडून समोरचे दात बघा. वर दोन आणि खाली दोन पक्के, बाकी दुधाचे, तर घोडी अडीच ते साडेतीन वर्षांची. पाठीच्या मणक्याची हाडं पाच-सहा वर्षांपर्यंत पक्की होत राहतात. नवरदेव, जड खोगीर आणि तासन् तास डांबरावर उभं राहणं तिच्या पाठीला या वर्षी झेपणार नाही. बाबांना माझं नाव सांगून थांबवा.

चिडकेपणा तुमच्या शिकवण्याचा दोष नसावा. दिवस मोठा होऊ लागला की घोड्या माजावर येऊ लागतात, आणि सुरुवातीचे हे आठवडे अनियमित असतात. केस गळणंही त्याच उजेडावर चालतं, थंडीवर नाही. खरारा रोज करा. पोटाखाली आणि मांडीच्या आत हात हलका ठेवा.

या दिवसांत लांब दोरावर गोल फिरवणं पुरे. पंधरा-वीस मिनिटं, दोन्ही बाजूंना सारखी, ऊन चढण्याआधी. दुपारी आपल्याकडे आत्ताच तीसच्या वर पारा जातो. बँडची सवय तोबरा लावलेला असताना लावा. आधी आवाज दूर आणि हळू; ती खाणं न थांबवता ऐकते आहे असं दिसलं की थोडा जवळ. खाणं थांबलं की पुन्हा मागे. नालबंदाला सहा ते आठ आठवड्यांनी बोलवा आणि धनुर्वाताची लस राहिली असेल तर टोचून घ्या.

प्रश्न : पहाटेच्या गारठ्यात घोडा पाणी कमी पितो. झूल घालू का?
— एक वाचक, जि. वाशीम

उत्तर : म्हातारा, आजारी किंवा भिजलेला नसेल तर झूल नको, वाऱ्याचा आडोसा पुरे. काळजी पाण्याची करा. कोरडा कडबा आणि कमी पाणी म्हणजे पोट अडणार. टाकीतलं रात्रभर गारठलेलं पाणी ठेवू नका; विहिरीचं ताजं पाणी पहाटे कोमट असतं, ते द्या. दाण्यात दोन चमचे मीठ घाला. लीद कोरडी, लहान गोळ्यांची दिसली की सावध व्हा. घोडा पायाने जमीन उकरू लागला, वळून कुशीकडे बघू लागला, तर चारा काढून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा. नळीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात गेलं तर घोडा दगावतो. डॉक्टर येईपर्यंत जबड्याच्या हाडाखाली बोटं ठेवून नाडी मोजा. मिनिटाला साठच्या वर असेल, तर फोनवरच तो आकडा सांगा.