रोमपासून वेगळे, तरीही कॅथॉलिक : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मिरजेच्या एका वाचकाचा प्रश्न : पोपची सत्ता न मानणारा ख्रिस्ती तो प्रोटेस्टंट, असे आम्ही समजत आलो. मग ‘स्वतंत्र कॅथॉलिक’ कोण?

मिरजेत ज्यांनी वॉन्लेस रुग्णालय उभारले ते मिशनरी प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे होते. त्या पंथात बिशपपद नाही. निवडलेल्या वडीलजनांची मंडळे कारभार पाहतात. स्वतंत्र कॅथॉलिकांनी मात्र बिशप, मिस्सा (भाकर व द्राक्षारसाची मुख्य उपासना) आणि सातही संस्कार जपले. प्रेषितांपासून एका बिशपने दुसऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून दिलेली दीक्षा अखंड चालत आली आहे आणि तीच कॅथॉलिकपणाचा आधार आहे, असे ते मानतात. त्यांचे मुख्य भांडण श्रद्धेशी नसून, चर्चचा कारभार अखेर कोणाच्या हाती असावा याविषयीचे आहे.

कऱ्हाडहून प्रश्न : या वेगळेपणाची सुरुवात कोठे झाली?

नेदरलंड्समधील उट्रेख्त येथे. आपला बिशप आपणच निवडावा हा तेथील धर्मगुरुमंडळाचा जुना हक्क होता. रोमने तो नाकारल्यावर मंडळाने १७२३ मध्ये कोर्नेलिस स्टेनोव्हन यांची निवड केली आणि पुढच्या वर्षी डोमिनिक व्हार्ले या फ्रेंच बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. दीड शतकाने, १८७० मध्ये, व्हॅटिकनच्या परिषदेने ठरवले की पोप श्रद्धा आणि नीती यांविषयी अधिकृतपणे जे घोषित करतात, त्यात त्यांची चूक होऊ शकत नाही. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियातील अनेकांना हे मान्य झाले नाही. म्युनिकचे विद्वान इतिहासकार डॉलिंगर यांना या मतभेदापायी बहिष्कृत व्हावे लागले. या मंडळींना बिशपदीक्षा डच परंपरेतून मिळाली आणि १८८९ मध्ये सर्वांचा मिळून उट्रेख्त संघ झाला. हे लोक स्वतःला ‘जुने कॅथॉलिक’ म्हणवतात, कारण नवी गोष्ट रोमने आणली, आपण नव्हे, असा त्यांचा दावा आहे.

वाईच्या वाचकाचा प्रश्न : भारताचा या इतिहासाशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही याची मला खंत वाटते. पूर्वेकडील चर्चवर बिशप सुचवण्याचा अधिकार पोपनी पोर्तुगालच्या राजांना दिलेला होता. पुढे रोमने १६२२ मध्ये स्थापलेल्या धर्मप्रसार मंडळाशी त्या अधिकाराचा दीर्घकाळ संघर्ष चालला. १८८६ च्या करारानंतर श्रीलंकेतील, म्हणजे त्या वेळच्या सिलोनमधील, गोव्याच्या धर्मगुरूंनी सांभाळलेल्या मंडळ्या रोमच्या थेट अधिकाराखाली गेल्या, तेव्हा तेथील भाविकांनी आपले धर्मगुरू आपल्याकडेच राहावेत म्हणून विरोध केला. या लोकांचे नेतृत्व गोव्याचे अंतोनियो फ्रान्सिस्को शाव्हिएर आल्वारिस यांच्याकडे आले. अंत्युखियाच्या सिरियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या प्रमुखांच्या (पॅट्रिआर्क) संमतीने २८ जुलै १८८९ रोजी कोट्टायम येथे त्यांना मार युलियस या नावाने बिशपदीक्षा मिळाली. १८९२ मध्ये त्यांनी कोलंबोत अमेरिकेतील फ्रेंच धर्मगुरू जोसेफ रेने व्हिलात यांना बिशप केले. अमेरिका आणि युरोपातील अनेक स्वतंत्र बिशप आपली परंपरा या व्हिलात यांच्यामार्फत सांगतात, म्हणजे त्यांच्या दीक्षेची वाट केरळमधून गेलेली आहे. आल्वारिस पत्रकारही होते. पोर्तुगीज सत्तेवर टीका केल्याने त्यांना अटक आणि अवमान सोसावा लागला, तरी गोव्यातील गरीब आणि आजारी माणसांची सेवा त्यांनी सोडली नाही. १९२३ मध्ये रायबंदर येथे त्यांचे निधन झाले आणि आज तेथील ऑर्थोडॉक्स चर्च त्यांची स्मृती जपते.

साताऱ्याहून प्रश्न : आमच्या जिल्ह्यात सत्यशोधक चळवळीने पुरोहिताची मक्तेदारी नाकारली. या समूहांची मूल्ये तशीच आहेत का?

साम्य अर्धेच आहे. जोतीराव फुल्यांनी देव आणि माणूस यांच्यातला मध्यस्थच नाकारला. हे समूह धर्मगुरू मान्य करतात, मात्र तो लोकांना उत्तरदायी असावा असा आग्रह धरतात. जुन्या कॅथॉलिकांत धर्मगुरू आणि सामान्य भाविक यांची संयुक्त सभा बिशप निवडते. जर्मन शाखेने धर्मगुरूंवरील ब्रह्मचर्याची सक्ती १८७८ मध्ये उठवली आणि १९९६ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुदीक्षा दिली. सर्वांचे एकमत मात्र नाही : अमेरिकेतील पोलिश नॅशनल कॅथॉलिक चर्च स्त्रियांच्या दीक्षेच्या प्रश्नावर २००३ मध्ये उट्रेख्त संघापासून दुरावले. फिलिपिन्समध्ये १९०२ साली जन्मलेल्या स्वतंत्र चर्चची प्रेरणा प्रामुख्याने राष्ट्रीय होती.

सांगलीच्या एका पालकांचा प्रश्न : आमचे कुटुंब रोमन कॅथॉलिक आहे. अशा बिशपांकडून मुलीचे लग्न लावावे का?

अशा बिशपांची दीक्षा रोम काही वेळा खरी मानते, परंतु नियमबाह्य ठरवते. विवाहाची गोष्ट वेगळी आहे. रोमन कॅथॉलिक व्यक्तीने आपल्या चर्चने ठरवलेल्या विधीने, अधिकृत धर्मगुरूसमोर विवाह केला नाही, तर चर्च तो सामान्यतः ग्राह्य धरत नाही. म्हणून आधी आपल्या धर्मग्रामाच्या फादरांशी बोलावे. कायद्याच्या दृष्टीने १८७२ चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो आणि बिशपकडून दीक्षा मिळालेली व्यक्ती आपल्या चर्चच्या नियमांनुसार विवाह लावू शकते. त्यामुळे त्या बिशपांना दीक्षा कोणी दिली, त्यांच्या चर्चचे लिखित नियम आहेत का, विवाहाची नोंद कोठे होईल आणि ते कोणत्या सभेला उत्तरदायी आहेत, हे कागदपत्रांसह विचारावे. ज्या बिशपांवर कोणतीही सभा नाही, त्यांच्याकडे मी स्वतः माझ्या घरचे कार्य सोपवणार नाही.